इथं किंवा माहेरी

“राव, हेब्बाळचा ब्लॉक तुम्ही करून टाकाल का? सूर्यकांतच्या पायाचं प्लॅस्टर अजून महिनाभर तरी निघत नाही म्हणे.”

वासंती मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी टेबलाशी उभा राहून कॉफी पीत होतो. “करतो मॅडम,” असं मी इतक्या पटकन म्हणालो की त्यांनी फाइलमधून मान वर केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत फिरतीचं काम मी कुरकुर न करता कधी घेतलेलं नाही. आधी गुडघे दाखवायचे, मग घड्याळ दाखवायचं, मग निघायचं, अशी माझी रीत. मॅडम पुण्याच्या. बेंगळुरात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि आमच्याकडे ‘राव’ हे आडनावासारखं वापरतात हे कळण्यात त्यातले सहा महिने गेले होते. तोवर त्यांना वाटे, हा जयसिंग नावाचा कारकून स्वतःला फारच मान देऊन घेतो.

“तिकडे कुणी नातेवाईक वगैरे नाहीत ना तुमचे?” त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं.

“नाहीत,” मी म्हणालो.

माझी एकुलती एक मुलगी त्याच ब्लॉकात दिलेली होती. घर नंबर एकेचाळीस. पाच महिने मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. भव्या दसऱ्याला आली नाही, दिवाळीला आली नाही. फोन केला की जावई उचलायचे आणि ती झोपली आहे म्हणायचे. सकाळी अकरा वाजता पोर झोपते कशी, हे विचारायचा धीर मला होत नसे. सरकारी कामात मी खोटं बोललो ते हे पहिलंच. घरात त्याआधी दोनदा बोललो होतो.

आमचं ऑफिस माणसं मोजतं. जन्मलेली आणि मेलेली. सगळ्या राज्यातली मोजणं झेपत नाही, म्हणून थोडी गावं आणि शहरातल्या काही वस्त्या निवडलेल्या असतात. तिथं एखादे शाळामास्तर वर्षभर जन्ममृत्यू लिहून ठेवतात. दर सहा महिन्यांनी आमच्यातला एक जण जातो आणि मास्तरांची यादी न बघता, घरोघरी जाऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारतो. मग ऑफिसात दोन्ही याद्या शेजारी ठेवून जुळवायच्या. जे एका यादीत आहे आणि दुसऱ्यात नाही, त्याच्यासाठी तिसरा माणूस पाठवायचा. जे दोन्हीत नाही, त्याच्यासाठी कुणालाच पाठवता येत नाही, कारण ते घडलंय हेच कुणाला ठाऊक नसतं.

या सगळ्यातून शेवटी एक तक्ता निघतो. कुठल्या वयापर्यंत किती जण पोचतात आणि पोचलेल्याचं अजून किती आयुष्य उरतं, याचा. पहिल्या ओळीत एक लाख बाळं धरायची. पुढच्या ओळीत त्यातली पहिल्या वाढदिवसापर्यंत टिकलेली, मग पाच वर्षांची, दहाची, असं करत खाली खाली जायचं. शेवटच्या ओळीत मूठभर म्हातारे उरतात. मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं हँडल फिरवायच्या मशीनवर करायचो, खांदा भरून यायचा. आता कोपऱ्यात कॉम्प्युटर आलाय, तो चार मिनिटांत करतो आणि भरून काही येत नाही.

त्या तक्त्यात एक गंमत आहे. जन्माच्या ओळीत उरलेलं आयुष्य एकसष्ट वर्षं असलं, तर एक वर्षाच्या ओळीत ते चौसष्ट भरतं. नवीन मुलं दरवेळी येऊन म्हणतात, सर, काहीतरी चुकलंय, वर्ष उलटल्यावर आयुष्य वाढेल कसं? मी म्हणायचो, “अरे, पहिलाच उंबरा सगळ्यात उंच असतो. तो ओलांडला की पुढं सपाट.” मुलं हसायची. तीस वर्षं मी हा विनोद केला. ऑगस्टपासून केलेला नाही.

मी काही मोठा हुशार माणूस नव्हे, पण या ऑफिसला एक गोष्ट मी दिली आहे. छापील फॉर्मात प्रश्न असा, की गेल्या सहा महिन्यांत या घरातल्या कुणा बाईचं बाळंतपण झालं का. लोक खुशाल नाही म्हणायचे. ते खोटं बोलत नसत. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, मूल इथं जन्मलेलंच नाही, मग होय कसं म्हणायचं? तिच्या माहेरी जाऊन विचारलं तर ते म्हणायचे, ती आमची पाहुणी, तिच्या मुलाचं तिच्या सासरी विचारा. आमचा नियमही तोच, मूल सासरच्या घरात धरायचं. मूल जगलं तर महिन्या-दोन महिन्यांनी पाळण्यासकट सासरी येतं आणि दिसतं. मेलं तर आई एकटीच परत येते. चौऱ्याहत्तर साली एका वस्तीत अशी तीन मुलं मला सापडली, दोन्ही घरांच्या मधे पडलेली. तेव्हापासून मी प्रश्नाला दोन शब्द जोडले. इथं किंवा माहेरी. गेल्या सहा महिन्यांत, इथं किंवा माहेरी, या घरातल्या कुणाचं बाळंतपण झालं का? साहेब आले नि गेले, माझे शब्द राहिले. सर्वे जवळ आला की मी घरात येरझाऱ्या घालत सगळी प्रश्नावली म्हणायचो. भव्याला बाराच्या पुढचे पाढे येत नव्हते तेव्हा ती सगळी तोंडपाठ होती. माझी बायको भाग्यलक्ष्मी वैतागून म्हणायची, “पोरीला रामरक्षा शिकवा की वो, हे काय मेल्या-जन्मल्याचं!”

भव्या ऑगस्टात पहिल्या बाळंतपणासाठी आमच्या गवीपुरमच्या घरी आली. आठवा नुकता लागला होता. येऊन चार दिवस झाले आणि दुपारचं जेवण उरकता उरकता तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. रिक्षा आणायलाही वेळ मिळाला नाही. शेजारच्या नयनाक्का जुन्या नर्स, त्या हात धुऊन धावत आल्या. मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. नयनाक्का म्हणाल्या, वजन कमी आहे, कापसात गुंडाळून ठेवा, आज-उद्यात डॉक्टरला दाखवून आणा. आज-उद्यातलं उद्या मी निवडलं आणि उद्या उजाडल्यावर पुन्हा उद्यावर टाकलं. भव्याला ताप होता, बाळ बोटभर दूध चोखत होतं, मला वाटलं दोघांना एकदमच नेऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे ओठ निळे दिसायला लागले. भव्याला उठवत नव्हतं, भाग्यलक्ष्मी तिच्यापाशी थांबली आणि मी एकटा त्याला फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून रिक्षात बसलो. मार्केटच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, तेव्हा तो गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीवर नळी ठेवली आणि मान हलवली. दाखल करून घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे कागद नाही. पुरायला नेलं तिथल्या माणसानंही कागद मागितला नाही. एवढ्याशा मुलाला कोण मागतो? मी घरी आलो आणि सांगितलं की दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तासभर खूप प्रयत्न केले, ऑक्सिजन लावला. हे पहिलं खोटं.

चौथ्या दिवशी भव्या अंथरुणातून म्हणाली, “अप्पा, त्याला तुमच्या कागदात लिवा.” मी हो म्हणालो. गवीपुरम काही निवडलेल्या वस्तीत येत नाही, आणि नियमानं ते मूल सासरच्या, हेब्बाळच्या यादीतलं; तो ब्लॉक सूर्यकांतकडे, म्हणून मी मनात आणलं तरी ते माझ्या कागदात येणार नव्हतं. पण कॉर्पोरेशनच्या ऑफिसात नोंद करता आली असती. तिथं मी गेलोही. रांगेत उभा राहिलो, पुढं चार माणसं होती, आणि आपल्याला ते सगळं खिडकीतून मोठ्यानं सांगावं लागणार हे लक्षात आल्यावर मी रांग सोडली. जन्मभर मी लोकांच्या दारात उभा राहून हेच विचारत आलो होतो आणि मला स्वतःला चार माणसांपुढं सांगता आलं नाही. संध्याकाळी तिनं विचारलं, “लिवलं, अप्पा?”

“लिवलं,” मी म्हणालो. दहाव्या दिवशी जावई येऊन तिला घेऊन गेले.

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते तेव्हा मी हेब्बाळला गेलो. भाग्यलक्ष्मीनं डब्यात एळ्ळु-बेल्ला भरून दिलं होतं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, आमच्याकडे संक्रांतीला हेच वाटतात. “सर्वेला चाललोय, डबा कसला म्हणून इचारतील,” मी म्हणालो. “मग त्यांनाबी द्या,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. तिला यायचं होतं. पण आईला बघून पोर कोसळेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

हेब्बाळ त्या वेळी निम्मं गाव होतं. तळ्याच्या अंगाला द्राक्षांचे मांडव, मधे नवीन प्लॉट, त्यांच्यावर चुन्याच्या रेघा मारलेल्या. मी एक नंबरच्या घरापासून सुरुवात केली. सरळ एकेचाळीसला जावं असं पायांना वाटत होतं, पण दुपारपर्यंत मी ओळीनं गेलो. सदतीस नंबरच्या घरात संक्रांतीचं बोरन्हाण झालेलं होतं. उसाचे करवे आणि बोरं अजून अंगणाच्या कोपऱ्यात झाडून ठेवलेली होती. काळं झबलं घातलेली एक पोर आईच्या कडेवरून माझ्या पेनाला हात घालत होती. “जन्मतारीख?” “आगस्ट अठरा, सर.” मी लिहिलं. आमच्या बाळाहून ती चार दिवसांनी लहान होती. आईनं मला पाणी दिलं, मी ते उभ्यानंच प्यायलो आणि पुढच्या घराकडे निघालो.

एकेचाळीस नंबरच्या ओसरीवर विहीणबाई, सोयराबाई, सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला. “या की अण्णा! सांगून न्हाई, सवरून न्हाई!” मग माझ्या खांद्याची पिशवी नि हातातला पॅड बघून म्हणाल्या, “सरकारी कामावर आलासा व्हय?”

“दोन्ही, अक्का,” मी म्हणालो आणि डबा पुढं केला.

व्याही देवाघरी जाऊन चार वर्षं झाली होती, जावई अभिमन्यू फॅक्टरीत पहिल्या पाळीला गेलेले. घरात या दोघीच. भव्या कॉफी घेऊन बाहेर आली. वाळली होती. हातात बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. वाकून नमस्कार केला, “अम्मा बरी हाय?” विचारलं, आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. लग्नाआधी मी घरी आलो की ही पोर माझ्या खिशात हात घालायची.

मी फॉर्म काढला. सोयराबाई हसल्या. “आमच्या घरात कोण कोण हाय ते तुमाला ठावं न्हाई, अण्णा? लिवा की तुमचं तुमी.”

“तसं चालत न्हाई, अक्का. मला ठावं असलेलं लिवायचं न्हाई. घरच्यानं तोंडानं सांगितलेलंच लिवायचं.”

हा नियम खरा आहे आणि मी तो शेकडो मुलांना शिकवला आहे. आपली माहिती आपण फॉर्मात घालायला लागलो, तर दोन याद्या वेगळ्या राहत नाहीत. सोयराबाईंना तो विनोदच वाटला. त्यांनी आपलं नाव सांगितलं, वय अंदाजे सांगितलं, मुलाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं. मी लिहीत गेलो. भव्या, स्त्री, वय चोवीस, विवाहित. मग तो प्रश्न आला.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. आणि विचारलं, “गेल्या सहा महिन्यांत इथं, या घरात, कुणाचं बाळंतपण झालं का?”

“न्हाई,” सोयराबाई म्हणाल्या. सुपातला खडा त्यांनी अंगणात टाकला.

“कुणी वारलं?”

“न्हाई.”

मी शून्य लिहिलं. त्याच्याखाली दुसरं शून्य लिहिलं. मला सुटल्यासारखं झालं, हे मी लपवत नाही. बाईंनी खरंच सांगितलं होतं, मी ऐकलेलं लिहिलं होतं, पुढचं घर बेचाळीस.

“अप्पा.” स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. “माहेरी म्हणून इचारला न्हाईसा.”

मी वर बघितलं नाही. पेनाचं टोपण लावायला घेतलं होतं, ते लागेना.

“इथं किंवा माहेरी. तसा प्रश्न हाय ना तुमचा? लहानपणापासनं ऐकतेय मी.”

“भव्या, स्वल्प, जरा गप ऱ्हा,” सोयराबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “कशाला ते काढायचं? सणाचे दिवस. बारसंसुदिक झालं न्हाई त्याला. पुढचं नीट व्हायचं असेल तर मागचं उगाळू नये बाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अण्णा, तुमी जाणते हायसा. तिला सांगा.”

मला सांगता आलं असतं. तिथं मी म्हणू शकलो असतो की बाळा, जाऊ दे. पाच महिने मी स्वतःला तेच सांगत होतो.

“इचारा, अप्पा.”

“भव्या, तू सांगितलंस तर मला लिवावं लागंल, बाळा.”

“मग लिवलेलंच हाय की तुमी आगस्टात.” ती पुढं आली. “ते आणि हे एकच न्हवं? का ते येगळ्या कागदात असतं?”

तिच्याशी खोटं बोलायला ही तिसऱ्यांदा संधी होती. वेगळ्या कागदात असतं, असं म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. तिचा माझ्या कागदांवर फार विश्वास. लहान असताना ती तक्त्यावर बोट ठेवून विचारायची, यात मी कुठं आहे, आणि मी सात वर्षांच्या ओळीवर तिचं बोट नेऊन ठेवायचो.

“मी लिवलं न्हाई,” मी म्हणालो. “कुठंच लिवलं न्हाई. तुला खोटं सांगितलं.”

सोयराबाईंचा हात सुपात तसाच राहिला. भव्या रडेल, आत निघून जाईल, मला जा म्हणेल, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. ती माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

“मग आता लिवा,” ती म्हणाली. “माझी कुणी चौकशी करू नये म्हणून मी झोपलेय असं सांगायला लावत होते. आईला भेटले न्हाई, कुणाला भेटले न्हाई. पर मनात एक होतं, की अप्पानी लिवलंय. कुठंतरी तो हाय. म्हणून तगून ऱ्हायले मी. तुमी ते पण ठेवलं न्हाईसा.”

मी ती दोन शून्यं खोडली, शेजारी सही केली, कारण खाडाखोडीशेजारी सही करावीच लागते. आणि माझ्या पोटच्या पोरीला विचारलं, “गेल्या सहा महिन्यांत, इथं किंवा माहेरी, या घरातल्या कुणाचं बाळंतपण झालं का?”

“झालं. माझं. माहेरी.”

“तारीख?”

“चौदा आगस्ट. दुपारी पावणेचार.”

वेळेसाठी रकाना नाही, तरी मी कडेला लिहिली. “मुलगा की मुलगी?”

“मुलगा.”

पुढचा प्रश्न आमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्यावर ते मूल तक्त्यात येणार की नाही ते ठरतं. “जिवंत जन्मला का? म्हणजे रडला, श्वास घेतला, हात-पाय हलवले?”

“रडला. तुमीच बाहेरनं इचारलं न्हाई का, मांजर शिरलं का आत म्हणून?”

विचारलं होतं. मी ‘जिवंत’ला खूण केली. माझं अक्षर चांगलं आहे असं ऑफिसात म्हणतात. त्या फॉर्मावरचं वाचता येण्यासारखं नाही.

“नाव?”

“अत्ते म्हणाल्या तसं, बारसं झालं न्हाई.” तिनं सासूकडे बघितलं. “पर मी त्याला हाक मारत होते. दोन दिवस. तनय म्हणून.”

“मला कुणी सांगितलं न्हाई,” सोयराबाई एकदम म्हणाल्या. आवाज चढलेला होता. “नाव सांगितलं न्हाई, तोंड दाखवलं न्हाई. बारशालाच जाऊ म्हणून मी इथं कुंची शिवत बसले. माझा नातू आला नि गेला, मला काय ठावं? मग कुणी इचारलं तर मी न्हाई म्हणू नको तर काय म्हणू?” त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावला. त्या बाईंना मी इतके महिने मनातल्या मनात कठोर म्हणत आलो होतो. त्यांनी मुलाला पाहिलंच नव्हतं, हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

भव्यानं हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मला म्हणाली, “लिवा अप्पा. तनय.”

मी लिहिलं. मृत्यूची तारीख, सोळा ऑगस्ट. वय, पूर्ण झालेले दिवस, एक.

“दोन न्हाई?” तिनं विचारलं.

“सकाळी गेला गं. दुसरा पुरा झाला न्हवता.”

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग मान हलवली. “सरी. पुढं?”

“ही नोंद मास्तरांच्या यादीत नसंल,” मी म्हणालो. “मग ऑफिसातनं आणि एक माणूस येईल. पुन्हा सगळं इचारंल.”

“येऊ दे. मी सांगीन.”

शेवटचा प्रश्न उरला होता. मी तो वाचून दाखवला. “मृत्यू कुठं झाला? घरी, दवाखान्यात, का इतर ठिकाणी?”

“दवाखान्यात,” ती लगेच म्हणाली. “डॉक्टर होते. ऑक्सिजन लावला होता. तासभर झटले ते.”

हे सगळं माझंच. शब्दही माझे. पाच महिने तिनं ते जपून ठेवलं होतं. नियमानं मला ते लिहिणं भाग होतं, घरच्यानं तोंडानं सांगितलं होतं. मी ‘दवाखाना’ या शब्दावर पेन टेकवलं आणि माझ्यानं खूण होईना.

“भव्या, दवाखान्यात न्हाई,” मी म्हणालो. “रिक्षात. मार्केटच्या सिग्नलला. डॉक्टरांनी काय केलं न्हाई, करायला काय उरलंच न्हवतं. आदल्या दिवशीच न्यायला पायजे होतं त्याला, नयनाक्का सांगत होत्या. मी उद्यावर टाकलं. मी टाकलं, बाळा.”

सोयराबाईंनी ‘देवा’ असं काहीतरी म्हटलं. भव्या माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“तुमच्या मांडीवर होता?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“खाली ठेवला न्हवता ना? सीटवर?”

“न्हाई गं. छातीशी धरला होता.”

“मग इतर म्हणून लिवा.”

मी लिहिलं. फॉर्म तिच्यापुढं केला. माहिती देणाऱ्याची सही, घरातल्या मुख्य माणसाशी नातं. तिनं सही केली, नात्याच्या जागी ‘सून’ लिहिलं. मग पेन हातात तसंच ठेवून म्हणाली, “डोळे उघडले होते त्यानं?”

“कधी?”

“रिक्षात. माझ्याजवळ होता तवा एकदाबी उघडले न्हाई. दोन दिवस मी बघत होते, आता उघडंल, मग उघडंल. माझाच ताप चढायचा, माझाच डोळा लागायचा. मला त्याचे डोळे ठावं न्हाईत, अप्पा.”

मी तिला सांगितलं नव्हतं. भाग्यलक्ष्मीलाही नव्हतं. ते मी कुणालाच सांगणार नव्हतो.

“उघडले होते,” मी म्हणालो. “हॉर्न वाजला मोठा, तेव्हा उघडले. चांगले टपोरे. काळेभोर न्हाई, जरा भुरे, अभिमन्यूंच्यासारखे. माझ्याकडं बघितलं त्यानं.”

“किती येळ?”

“सिग्नल सुटेपर्यंत.”

तिच्या घशातून आवाज आला आणि मग ती रडायला लागली, पाच महिन्यांचं सगळं एकदम. सोयराबाई सरकून तिच्याजवळ आल्या, तिचं डोकं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं. रडतानाच ती मला म्हणत होती, “अजून सांगा. घरातनं निघालासा तिथनं सांगा.”

बेचाळीसपासून बावन्नपर्यंत माझी अकरा घरं व्हायची होती. मी फॉर्म पॅडखाली सरकवला, चपला काढून त्या दोघींच्या जवळ जमिनीवर बसलो, आणि फ्लॅनेलचा तुकडा कुठला घेतला होता तिथपासून सांगायला सुरुवात केली.